घरून काम करून पाठ आणि मान धरते. कोणती खुर्ची घ्यावी?

खुर्चीचं नंतर सांगतो. तुम्ही प्रश्नाखाली जे एक वाक्य जोडलंय, 'घरचे म्हणतात दिवसभर बसूनच तर असतोस, त्यात दुखायला काय झालं', ते वाचून लिहायला बसलो. हे वाक्य मी २०२० पासून ऐकतोय.

लॉकडाऊनच्या आठवडाभर आधी हिंजवडीहून वाईजवळच्या आमच्या गावी आलो. पंधरा दिवसांचे कपडे आणले होते, राहिलो सव्वा वर्ष. घरात टेबल नव्हतं. पलंगावर मांडी घालायची, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, असे दहा-दहा तास. जुलैपर्यंत मान डावीकडे वळेना. आईने उशी उन्हात टाकली. (मान अवघडली की उशी का उन्हात टाकतात हे मला विचारू नका, आपापल्या आजीला विचारा.) उशी चांगली तापली. मान होती तशीच.

ऑक्टोबरात एका कॉलमध्ये चार्जर उचलायला वाकलो आणि उसण भरली. धड खाली जाता येईना, धड वर येता येईना. कॅमेरा चालू होता. टीममधला एक जण म्हणाला, "याचं नेट अडकलं वाटतं."

आमचे अण्णा एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर. दारात उभे राहून म्हणाले, "आरं, बसून पगार घेतोस, तुझ्या कमरंला काय झालं?" आणि तासाभरात वरच्या आळीच्या पायाळू (जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या; अशांचा पाय लागला की उसण उतरते म्हणतात) काकूंना घेऊन आले. काकूंनी कमरेला तीनदा पाय लावला. मग अण्णांनी स्वतःचा कमरेचा पट्टा खिळ्यावरून काढून मला आवळला, पलंगावरची गादी काढली, फळीवर झोपवलं आणि हुकूम सोडला: आठ दिवस उठायचं नाही.

तीन दिवस ऐकलं. चौथ्या दिवशी संडासला जातानाही भिंत धरावी लागली. आईचं डोकं फिरलं. "ऊठ, वढ्यापतोर जाऊन ये," म्हणाली. कण्हत गेलो, येताना बरं वाटत होतं. रोज दोनदा जायला लागलो, दहाव्या दिवशी मोकळा.

आता श्रेय कोणाचं, यावर घरात अजून भांडण आहे. काकू म्हणतात पाय, अण्णा म्हणतात पट्टा, दाजी म्हणतात त्यांनी आणलेला बाम. माझं म्हणणं, साधी उसण बहुतेकांची काही दिवसांत नाहीतर काही आठवड्यांत आपली आपण उतरते आणि त्या वेळी जे काही चालू असतं त्याच्या खात्यावर जमा होते. पडून राहिल्याने मात्र ती लांबते.

दाजींच्या आग्रहाने एमआरआयही काढला. 'डिस्क बल्ज', म्हणजे मणक्यांमधली गादी जराशी बाहेर फुगलेली, हे वाचून अण्णा रात्रभर झोपले नाहीत. पुढे साताऱ्याच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं की पाठ अजिबात न दुखणाऱ्या चाळिशीतल्या माणसांचे एमआरआय काढले तरी साधारण निम्म्यांत असा बल्ज दिसतो. पैसे तेवढे गेले.

बाईंनी माझ्या पलंगावरच्या बैठकीचा फोटो मागवला आणि हसल्याच. म्हणाल्या, लॅपटॉप ही वस्तूच अडचणीची. स्क्रीन नजरेसमोर आणली की हात वर जातात, हात कोपरापाशी ठेवले की मान खाली जाते. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या. मला जोडी ८५० रुपयांना पडली. आजवर पाठीवर केलेला सगळ्यात कामाचा खर्च तोच.

आमच्याकडे ज्वारीची पत्र्याची कोठी माझ्या कोपराला लागेल एवढी उंच आहे. तिच्यावर उपडा डबा, डब्यावर लॅपटॉप, पुढे कीबोर्ड. दिवसातले दोन तास उभ्याने काम. फक्त दळण करायचं असलं की आई यायची, "उचल तुझं हापिस."

मूळ भांडण वेगळंच. एका रात्री जेवताना अण्णांनी परत ते 'बसून पगार' काढलं. मी म्हणालो, "अण्णा, तुम्हीपण ३१ वर्षं बसूनच पगार घेतला की." ताटावरून उठले. दोन दिवस बोलले नाहीत. पण खोटं काय होतं त्यात? खंबाटकीच्या घाटात ड्रायव्हर बसलेलाच असतो. त्याच्या पाठीत वर गाडीचे हादरे जातात, हा फरक. त्यांची कंबर आणि माझी मान एकाच कारणाने गेली, तासन्‌तास एकाच आसनात अडकून. उलट ते स्टँडवर चहाला तरी उतरायचे. मी चार-चार तास लघवीलाही उठत नव्हतो.

पट्ट्याचंही सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पट्टे देऊ नका असं आहे. मी प्रिंट काढून अण्णांपुढे ठेवली. चष्मा लावून वाचली, म्हणाले, "हे जिनिव्हात बसून लिवलंय. बसूनच ना?"

हां, खुर्ची. उंची कमी-जास्त होणारी घ्या, तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, कोपर टेबलाच्या उंचीला आलं पाहिजे, कमरेच्या पोकळीला आधार हवा. टाचा लोंबत असतील तर खाली पाट ठेवा. आधार नसेल तर जुना टॉवेल गुंडाळून मागे. मी वर्षभर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टॉवेल लावून काढलं, मग पुण्यात बंद झालेल्या एका ऑफिसची वापरलेली खुर्ची साडेतीन हजारांत घेतली. तीस हजारांचीही खुर्ची तुम्हाला उठवून चालवत नाही. अर्ध्या तासाने स्वतःच उठायचं. पाण्याची बाटली जवळ ठेवू नका, पेला ठेवा. मानेसाठी हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरायची, दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. आणि संध्याकाळी चालणं. घरच्यांना पटवण्याच्या नादी लागू नका.

हे सगळं साध्या दुखण्याचं, आणि मी डॉक्टर नाही. कळ पायात किंवा हातात उतरत असेल तर व्हिडिओ बघून व्यायाम करू नका, आधी तपासून घ्या. ताप असेल, वजन उतरत असेल तर थांबू नका. गेल्या वर्षी आमच्या आळीतला एक जण ट्रॅक्टरवरून पडला. पायातला जोर गेलेला, मांड्यांच्या मध्ये बधिर, लघवी होईना. लोकांनी त्याला उचलून पायाळू काकूंच्या अंगणात आणलं. काकूंनी पाय लावला नाही. म्हणाल्या, "ह्ये माझ्या पायाचं काम न्हाई, गाडी बोलवा." आणि गाडी येईपर्यंत कुणाला त्याला हलवू दिलं नाही.