व्हेनिसमधील मुक्काम: आधी बंदर, मग खोली

खोली आरक्षित करण्यापूर्वी क्रूझच्या तिकिटावरील बंदराचे नाव अवश्य वाचा. 2021 पासून मोठ्या जहाजांना व्हेनिस शहरातील ज्युदेक्का कालव्यातून जाण्यास बंदी असल्याने काही जहाजे शहराजवळच्या मार्गेरा बंदराहून, तर काही थेट राव्हेन्नाहून, म्हणजे रस्त्याने सुमारे दोन तासांवरून सुटतात.

नवखी मंडळी सान मार्को चौकाच्या मोहापायी फसतात. मोटारी शहराच्या वेशीवरील पियात्साले रोमा या चौकापाशीच थांबतात, पुढे पायऱ्यांच्या पुलांवरून बॅगा आपणच उचलायच्या. दाराशी रिक्षा येण्याची सवय असलेल्या पुणेकर आजी-आजोबांना हे झेपणे कठीण. त्यापेक्षा व्हेनिसच्या सांता लुचिया रेल्वे स्थानकाबाहेरील लिस्ता दी स्पान्या हा रस्ता पाहावा, स्थानकातून तेथवर एकही पूल लागत नाही. मुख्य भूमीवरील मेस्त्रे स्थानकाजवळ राहिल्यासही चालेल, तेथून व्हेनिस रेल्वेने दहा-बारा मिनिटांवरच आहे.

लिफ्ट आहे का, हे मात्र लेखी विचारा. जुन्या इमारतींत ती बहुधा नसते.