घरून बदललेले पासवर्ड पणजीत चालतात, काणकोणात नाही. पुन्हा रीसेट करू का?

नको, इतक्यात पुन्हा रीसेट करू नका. तुम्ही लिहिलंय की चवथीच्या सुटीत घरून रिमोट डेस्कटॉपने पणजीच्या सर्व्हरवर जाऊन सगळ्यांचे पासवर्ड बदलले, आणि आता काणकोण शाखेत 'पासवर्ड चुकीचा' असं येतं. शाखेत वेगळा डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) आहे म्हणता, तेव्हा माझा पहिला संशय तिथेच.

मीही गोव्यातल्या शाखांची नेटवर्कं सांभाळतो. अशा वेळी मी आधी शाखेतल्या एकाला जुना पासवर्ड टाकून बघायला सांगतो. तो चालला, तर तुमचा बदल काणकोणात पोचलेलाच नाही. दोन साइटमधलं, म्हणजे दोन ठिकाणच्या सर्व्हरमधलं रेप्लिकेशन (बदलांची देवाणघेवाण), सेटिंग न बदलल्यास दर १८० मिनिटांनी होतं. पासवर्डाचा बदल मात्र पीडीसी एम्युलेटरला (डोमेनमधल्या मुख्य भूमिकेच्या कंट्रोलरला) लगेच कळवला जातो, आणि पासवर्ड जुळला नाही की शाखेतला सर्व्हर नाकारण्याआधी या एम्युलेटरला विचारतो. म्हणून एरवी ही दिरंगाई जाणवत नाही. मधली लाइन बंद असेल तर विचारणार कोणाला? बंद खातं पुन्हा चालू केलं असेल, तर त्याला ही सवलतही नाही. ते नेहमीच्या रेप्लिकेशनचीच वाट बघतं.

लाइन चालू असेल तर दोन्ही सर्व्हरची घड्याळं बघा. पावसात वीज जाते-येते, घड्याळ सरकतं, आणि ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस (ओळख पटवणारी यंत्रणा) ओळखच नाकारतं. मग रेप्लिकेशनही अडतं.

जुना पासवर्डही चालत नसेल, तर शाखेतल्या संगणकाच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाची नोंद उघडा. पडद्यावरचा संदेश मोघम असतो, खरं कारण या नोंदीतल्या सब-स्टेटस कोडमध्ये असतं. कोडच्या शेवटी २३४ असेल तर खातं लॉक झालंय, ७२ असेल तर बंद आहे, २२४ असेल तर पासवर्ड बदलणं सक्तीचं आहे. ६ए म्हणजे पासवर्डच चुकला. तेव्हा कीबोर्ड देवनागरीवर तर नाही ना, तेही बघा.

लॉक झालेलं खातं उघडलं आणि पुन्हा लॉक झालं, तर पीडीसी एम्युलेटरवर ४७४० ही नोंद शोधा. कोणत्या यंत्रावरून चुकीचा पासवर्ड येतोय ते तिथे दिसतं. बहुतेकदा जुना पासवर्ड साठवलेला मोबाइल किंवा वाय-फाय निघतं, आणि तुम्ही कितीही वेळा रीसेट केलंत तरी ते थांबत नाही.

काउंटरवर लोक खोळंबले असतील, म्हणून तात्पुरता उपाय: अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या 'यूझर्स अँड कॉम्प्युटर्स' या खिडकीत डोमेनवर राइट-क्लिक करून 'चेंज डोमेन कंट्रोलर'मधून काणकोणचा सर्व्हर निवडा आणि फक्त अडलेल्यांचाच पासवर्ड तिथे बदला. त्यासाठी तो सर्व्हर तुमच्या यंत्रावरून पोचण्याजोगा हवा. नसेल तर शाखेतल्या कोणाकडून तरी त्याच्यावरच करून घ्या. मग रेपअ‍ॅडमिनची शोरेपल कमांड (रेप्लिकेशनची स्थिती दाखवणारी) चालवा आणि त्यातली चूक इथे लिहा, नावं काढून. पुढचं त्यावरून सांगतो.