शेती आणि अन्नावर भर असलेली बायोकेमिस्ट्री घेतली तर नेमकं काय शिकवतात? शेतीच्या पदवीपेक्षा वेगळं असतं का?

बरंच वेगळं. सुरुवातीला तर शेती दिसतच नाही. सेंद्रिय रसायनशास्त्र, पेशी आणि संख्याशास्त्र. (संख्याशास्त्र टाळू नका, पुढे तेच नडतं.) खरी मजा एन्झाइमपासून, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या प्रथिनांपासून. पानातलं रुबिस्को नावाचं एन्झाइम सेकंदाला कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम काही रेणू पकडतं, वर चुकून ऑक्सिजनही उचलतं. ग्लायफोसेट हे तणनाशक तण मारतं ते शिकिमेट मार्गातलं (वनस्पतींमधल्या रासायनिक क्रियांच्या एका साखळीतलं) एक एन्झाइम अडवून. हा मार्ग प्राण्यांत नसतो.

अन्नाच्या बाजूला मोजमाप महत्त्वाचं. १८८३ मधली केल्डाल पद्धत प्रथिनं थेट मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते, मग आकडा साधारणपणे ६.२५ ने गुणतात. चीनमध्ये २००८ साली उघडकीला आलेल्या दूधभेसळीत हीच फट वापरली होती: मेलामाइन या औद्योगिक रसायनात नायट्रोजन भरपूर, त्यामुळे पाणी घातलेलं दूधही चाचणीत प्रथिनयुक्त ठरायचं. 'ही चाचणी नक्की काय मोजते?' हा प्रश्न तुम्हाला आवडत असेल, तर विषय तुमचाच आहे.

प्रवेशाआधी शेवटच्या वर्षात प्रयोगशाळेचे तास किती आणि स्वतंत्र प्रकल्प करायला मिळतो का, हे मात्र विचारून घ्या. माहितीपत्रकातल्या विषयांच्या नावांवरून फारसं कळत नाही.