चाकणच्या पेंट शॉपला निघण्याआधी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या वडिलांचा फोन आला होता. चाकणच्या एका गाड्यांच्या कारखान्यात पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंगकामाच्या विभागात, तुझं काम होतंय, पण "तिथं सगळा रंग रोबोच मारतात, मग मी हा धंदा शिकून करू काय" म्हणून तू अडून बसलायस, असं ते सांगत होते. हे फोनवर बोलून भागणारं नाही, म्हणून लिहितोय.

रोबो मारतात हे खरं आहे आणि ते आजचंही नाही. रंगकामाचा रोबो १९६० च्या दशकाच्या शेवटी नॉर्वेत तयार झाला. रंगवायला माणसं मिळेनात म्हणून एका कंपनीनं तो एकचाकी ढकलगाड्या रंगवायला बनवला होता. आता मोठ्या कारखान्यांत नव्या गाडीचा बेस कोट म्हणजे रंगाचा थर आणि त्यावरचा क्लिअर म्हणजे पारदर्शक चकाकीचा थर तोच मारतो. त्याच्याकडे आपल्यासारखी फवाऱ्याची गन नसते. मिनिटाला हजारो फेरे घेणारी एक छोटी वाटी असते, तिच्या कडेवरून रंगाचं धुकं उडतं आणि विजेचा भार दिलेला असल्यामुळं ते पत्र्याकडं ओढलं जातं. आपल्या जुन्या गननं निम्म्याहून जास्त रंग हवेत जातो, त्यांचा बहुतेक सगळा पत्र्यावर बसतो. दिवसभर तीच बॉडी, तोच कोन, तीच जाडी. त्या कामात माणसानं त्याच्याशी बरोबरी करायला जाऊ नये. आणि नुसती गन धरून लाइनवर उभं राहायची नोकरी कुणी दिली, तर तिच्या भरवशावर घराचं कर्ज काढू नये.

असं काम जाताना आपण सांगलीत बघितलेलंच आहे. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांचं काम फ्लेक्सनं नेलं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची झाली आणि प्लेटवर आकडे काढणारेही बसले. त्यांचे हात फार चांगले होते, मला आजही त्याचं वाईट वाटतं. पण दोन्ही कामं सपाट होती, ठरलेल्या मापाची होती आणि रोज तशीच यायची. मशीन आधी तेच उचलतं.

आता शंभर फुटी रोडवरच्या कुठल्याही गॅरेजमध्ये जाऊन उभा राहा. एक ठोकलेली, एक घासलेली, एक बाहेर गावी कुणीतरी स्वस्तात मारून दिलेली आणि आता पापुद्रे सुटलेली. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा बुडालेल्या गाड्यांच्या दारांना पुढं आतून गंज फुटत राहिला. दोन गाड्यांचं दुखणं एक नसतं. पोचे काढणाऱ्या डेंटरनं पत्रा कुठवर सरळ केलाय, जुन्या रंगाखाली किती पुट्टी आहे, कड कुठपर्यंत घासायची, हे बोटं फिरवूनच कळतं. अपघाती गाडी घासणारे, रंगवणारे रोबो परदेशात येऊ लागलेत, पण आपल्याकडच्या एका दाराच्या कामाला ते परवडायला वेळ आहे. तो वेळ तू कशात घालवतोस, यावर तुझं सगळं अवलंबून आहे.

माझं म्हणशील तर तो शेड जुळवण्यात घालव. रुपेरी गाडीचं दार घे. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली पट्टीवर कलर कोड असतो, तो कॉम्प्युटरवर टाकला की रंगाचं सूत्र मिळतं. पण एकाच कोडचे दोन-तीन उपप्रकार निघतात, आणि सात-आठ उन्हाळे खाल्लेला पत्रा कुठल्याच सूत्रात नेमका बसत नाही. मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये आता शेड वाचणारं यंत्र असतं. पत्र्याला टेकवलं की जवळचं सूत्र काढून देतं. ते वापरायला शीक, त्याचा दुस्वास करू नकोस. पण डबा तयार झाल्यावर पुढचं तुझ्या हातात आहे. रुपेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. रंगाचा हात ओला मारलास तर ते खोल बसतात आणि शेड गडद येते. कोरडा मारलास तर उजळ. डबा तोच, दाब तोच, गन चार बोटं लांब धरली तरी दार वेगळं दिसतं. म्हणून आधी कार्डावर मार, वर क्लिअर मार, वाळू दे. मग ते गाडीला लावून सावलीत बघ, उन्हात बघ, समोरून बघ आणि तिरकं बघ. समोरून जुळलेलं कार्ड तिरकं धरल्यावर काळं पडतं, तिथंच निम्मे पेंटर फसतात. आणि जुळलं तरी दारावर थांबायचं नाही. शेजारच्या फेंडरवर रंग विरवत न्यायचा, क्लिअर मात्र पुऱ्या पॅनेलला द्यायचा.

तीन थरांच्या पर्ल, म्हणजे मोत्यासारखी झाक असलेल्या, पांढऱ्याचं तर आणखी नाजूक. मधल्या पर्लचे किती हात मारले त्यावर शेड ठरते. एका पट्टीवर एक, दोन, तीन, चार असे हात मारून ठेवायचे आणि कुठला गाडीशी जुळतो ते बघायचं. याला अर्धा दिवस जातो. मालक घाई करतो, करू दे.

नव्या गाड्यांनी आणखी काम वाढवलंय. बऱ्याच गाड्यांच्या बंपरमागं रडार असतं. त्याच्यासमोर पुट्टी भरली किंवा रंगाचे थर चढवले तर रडार नीट बघत नाही, म्हणून कंपनीचं पुस्तक वाचून काम करावं लागतं. बॅटरीच्या गाडीला बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, किती तापवायचं, किती वेळ, याचीही मर्यादा दिलेली असते. पुस्तक वाचणारा पेंटर आपल्या भागात कमी आहे. इंग्रजी अडतं म्हणून सोडू नकोस, ओळ ओळ लावून वाच.

तेव्हा चाकणला जा. पण कुठल्या विभागात घेतायत ते आधी विचार. रोबोनं मारल्यावर बॉडी तपासणारे, कचऱ्याचा कण शोधून घासून पॉलिश करणारे, रंगाचा घट्टपणा आणि जाडी मोजणारे, रोबोला मार्ग शिकवणारे, ही माणसं लागतातच. तुझं आयटीआय पेंटर जनरलचं आहे, त्यावर हे शिकता येतं. दोन-तीन वर्षं दोष ओळखायला शीक. ऑरेंज पील म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा कशानं आला, फिश आय म्हणजे रंगातले गोल खड्डे कशानं पडले, हवेच्या पाइपात पाणी होतं की पत्र्याला डॅशबोर्ड पॉलिशचं सिलिकॉन लागलं होतं. परत आलास तर इथं बूथ असलेल्या वर्कशॉपमध्ये जा. रस्त्याकडेला उघड्यावर स्वस्तात पूर्ण गाडी मारून देणारं काम कमी होत जाणार, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. साखर कारखान्यांच्या हंगामाआधी उसाच्या ट्रॉल्या रंगवायला येतात तेवढ्या येतील, पण त्यावर संसार चालत नाही.

आता खरी काळजी. रोबोपेक्षा मला हार्डनरची, म्हणजे रंगात मिसळायच्या रसायनाची, भीती वाटते. कारखान्यात रिकामी बॉडी १४० अंशांच्या आसपास भाजतात. आपल्यापुढं वायरिंग, रबर, सीट असलेली गाडी असते, ६० अंशांच्या आसपास थांबावं लागतं, म्हणून रंग कडक व्हायला हार्डनर घालावाच लागतो. त्यात आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं. जो वास येतो तो थिनरचा. आयसोसायनेटचा वास कळेपर्यंत ते घातक प्रमाणाच्या पुढं गेलेलं असतं. तोंडाला रुमाल बांधून मारणारे तू रोज बघतोस. त्या रुमालानं काही अडत नाही. यातून दमा जडतो, आणि एकदा शरीरानं ते धरलं की पुढं थोड्याशा फवाऱ्यानंही छाती आवळते. मग कितीही चांगला हात असला तरी गन खाली ठेवावी लागते. मला माहीत असलेले चांगले पेंटर मशीनमुळं बसले नाहीत, या खोकल्यामुळं बसले.

म्हणून क्लिअर मारताना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क पाहिजे. साधा चारकोल फिल्टरचा मास्क त्याच्या जागी चालवून घेऊ नकोस. हातात नायट्रिलचे मोजे घाल, कारण ते कातडीतूनही शरीराला बाधतं. फवारा थांबल्यावर लगेच मास्क काढायचा नाही, धुकं बूथमध्ये राहतं. जिथं मास्क मागितल्यावर हसतात तिथं काम धरू नकोस, पगार कितीही असो. रात्री खोकला येतो आणि सुट्टीत बरं वाटतं असं झालं, तर सर्दी म्हणून अंगावर काढू नकोस.

जाण्याआधी मिरजेत छातीच्या डॉक्टरांकडं जा आणि नळीत फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी करून घे. काय काम करणार ते त्यांना स्पष्ट सांग. आजचे आकडे लिहिलेला कागद आयटीआयच्या सर्टिफिकेटसोबत ठेव, दरवर्षी तीच तपासणी करून ताडून बघता येईल. पैशाची अडचण असेल तर वडिलांना न सांगता मला सांग. आणि नेमणुकीचं पत्र आलं की सही करण्याआधी दाखवायला घेऊन ये.

तुझा,
काका