व्हँकूव्हरला मुलांना न्यायचं की नाही: ड्रग्जची भीती वाटणाऱ्या ताईंसाठी

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: मिस्टरांना व्हँकूव्हरची नोकरी मिळाली आहे, पीआरही (कायम राहण्याचा परवाना) हातात आला आहे, पण ईस्ट हेस्टिंग्ज रस्त्याचे व्हिडिओ पाहिल्यापासून तुमची झोप उडाली आहे. मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी नऊची. सासूबाई म्हणतात, पुण्यात सगळं नीट चाललंय, मग पोरांना तिकडे कशाला न्यायचं? नकार द्यावा का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं व्हँकूव्हरजवळच्या सरे शहरात राहते आणि एका फार्मसीत असिस्टंट आहे, त्यामुळे या विषयाशी कामानिमित्त रोज गाठ पडते. माझं मत आधीच सांगते: या. फक्त तुम्ही ज्या गोष्टीला घाबरला आहात तिचा तुमच्या मुलांशी फारसा संबंध येणार नाही. ज्याच्याशी येईल, ते त्या व्हिडिओत दिसत नाही.

व्हिडिओ खोटे नाहीत. मेन आणि हेस्टिंग्ज हे रस्ते मिळतात तिथून चार-सहा चौक इकडेतिकडे फिरलात, तर कमरेत वाकून उभ्याउभ्या गुंगीत गेलेली माणसं दिसतात, फुटपाथवर पसारा मांडून बसलेली दिसतात. या भागाला डाउनटाउन ईस्टसाइड म्हणतात. जुन्या लॉजसारख्या इमारतींतल्या एकेक खोल्या तिथे भाड्याने मिळतात, म्हणून ज्याला शहरात कुठेच परवडत नाही तो तिथे येतो. जवळच्या कोक्विटलम शहरातलं रिव्हरव्ह्यू मनोरुग्णालय टप्प्याटप्प्याने रिकामं करत २०१२ मध्ये बंद केलं, पण तिथल्या रुग्णांसाठी बाहेर पुरेशी सोय उभी राहिली नाही. त्यातलेही कितीतरी जण इथेच येऊन पोचले. आणि पुढच्या काही वर्षांत बाजारातल्या हेरॉइनची जागा फेंटॅनिल या कृत्रिम, अफूच्या जातीच्या ड्रगने घेतली. ते हेरॉइनच्या साधारण ५० पट तीव्र असतं. मिठाच्या चार कणांएवढा फरक पडला तरी माणसाचा श्वास थांबतो.

गॅसटाउनचं वाफेवर चालणारं घड्याळ बघायला सगळेच पाहुणे जातात, तिथून हा भाग पायी काही मिनिटांवर आहे. चुकून शिरलात तर घाबरू नका, सरळ चालत राहा. तिथली माणसं स्वतःच्याच यातनेत असतात, तुमच्या वाटेला जात नाहीत. मुलांनी काही विचारलं तर खरं उत्तर द्या. आणि कृपा करून फोन काढून शूटिंग करू नका, इथे नव्याने आलेले आपले लोक ते करतात आणि मला फार वाईट वाटतं.

आता जे दिसत नाही त्याबद्दल. व्हँकूव्हर ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियाने ड्रग्जच्या मृत्यूंमुळे १४ एप्रिल २०१६ रोजी सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. एकट्या २०२३ मध्ये या प्रांतात विषारी ड्रग्जमुळे अडीच हजारांहून जास्त माणसं गेली, आणि प्रांताची लोकसंख्या जेमतेम ५५ लाखांच्या घरात. २०२४ मध्ये आकडा खाली आला, तरी दोन हजारांच्या वरच राहिला. गेलेल्यांत चारांतले तीन पुरुष, बहुतेक तिशी ते साठीच्या दरम्यानचे. आणि बहुसंख्य मृत्यू घराच्या आत झालेले आहेत. रस्त्यावर कोसळलेल्या माणसाजवळ कुणी ना कुणी धावतं. बेडरूमचं दार लावून एकट्याने गोळी घेणाऱ्याकडे कोण बघणार? त्यांत कामावर जाणारी, घरभाडं भरणारी माणसं असतात. बांधकामावर पाठ धरली, आधी डॉक्टरची गोळी, ती संपल्यावर मित्राने दिलेली, मग कुणाकडून तरी विकत घेतलेली, अशी ही वाट जाते. आपल्या देशी समाजात ती आणखी लपून जाते, कारण घरात कळलं तर तोंड कसं दाखवायचं ही भीती मोठी. बायकोला माहीत नसतं, आईला तर नसतंच.

म्हणून पहिल्याच आठवड्यात एक काम करा: जवळच्या फार्मसीत जाऊन नालोक्सोनचं किट मागून घ्या. फेंटॅनिलसारख्या ड्रगचा ओव्हरडोस होऊन श्वास थांबत आलेल्या माणसाला हे औषध शुद्धीवर आणू शकतं. फुकट मिळतं, कुणी का म्हणून विचारत नाही. झिपच्या छोट्या पाकिटात तीन काचेच्या कुप्या, टोचून झाल्यावर सुई आपोआप सिरिंजमध्ये परत जाते अशा तीन सिरिंज, हातमोजे आणि तोंडाने श्वास देताना मध्ये धरायचा प्लास्टिकचा पडदा असतो. कुपीची मान मोडताना बोट कापू नये म्हणून वर बसवायची लहानशी टोपीसुद्धा असते. कसं वापरायचं ते काउंटरवर पाच-दहा मिनिटांत शिकवतात. मी शिकवते तेव्हा एक गोष्ट मुद्दाम सांगते. पोस्टरवर लिहिलेलं असतं की ओठ निळे पडतात. गोऱ्या कातडीवर ते चटकन दिसतं. आपल्यासारख्या सावळ्या माणसाचे ओठ आणि नखं राखाडी, फिकट दिसतात, निळं काही दिसेलच असं नाही. आणि दुसरं, घशातून घरघर येते. घरचे समजतात दमून घोरतोय, झोपू दे, आणि दिवा मालवून निघून जातात. हाक मारून, खांदा जोरात हलवून जाग येत नसेल तर ती झोप नव्हे. ९११ ला (इथला तातडीच्या मदतीचा नंबर) फोन करा, दर पाच सेकंदांनी एक श्वास द्या, मांडीत इंजेक्शन द्या (पँटवरून दिलं तरी चालतं) आणि तीन ते पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं द्या.

“पोलीस आले तर आमच्या पीआरचं काय” म्हणून ९११ ला फोन न करणारे लोक आहेत. २०१७ पासून इथे यासाठीच कायदा आहे: ओव्हरडोससाठी मदत मागणाऱ्यावर आणि तिथे हजर असलेल्यांवर स्वतःपुरतं ड्रग जवळ बाळगल्याचा गुन्हा लावत नाहीत. विक्री करणाऱ्याला ते संरक्षण नाही. हे मुलाला आत्ताच, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. मित्र पडला तर पळून जायचं नाही, फोन करायचा.

मुलाबद्दल. जन्माच्या वर्षानुसार तो बहुधा नववीत बसेल, म्हणजे हायस्कूलमध्ये. तिथे त्याच्यासमोर पहिल्यांदा येईल ते बहुधा व्हेप असेल, म्हणजे ई-सिगारेट, फळांच्या वासाचं निकोटिन. मग गांजा. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, पण या प्रांतात वयाची अट १९. अल्पवयीन मुलाला तो देणाऱ्याला १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरोघरी तो असतो हे मात्र धरून चाला. गमीच्या, म्हणजे चघळायच्या मऊ गोळीच्या रूपातला गांजा मला सगळ्यात जास्त खटकतो. परवान्याच्या दुकानातल्या पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) असतं, चोरट्या मालात त्याच्या कितीतरी पट, आणि वेष्टन हुबेहूब लहान मुलांच्या चॉकलेटसारखं. तुमच्या मुलीला शिकवा की दुसऱ्याच्या घरी टेबलावर पडलेली गोळी विचारल्याशिवाय तोंडात टाकायची नाही.

खरी काळजी करायची ती सोशल मीडियावरून मागवलेल्या गोळ्यांची. परीक्षेत जागं राहायला, झोप यायला, दुखण्यावर म्हणून मुलं या गोळ्या मागवतात. औषधासारख्या दिसतात, पण कुणीतरी तळघरात साच्यातून काढलेल्या असतात आणि त्यांत फेंटॅनिल निघतं. मुलाला एवढं समजलं पाहिजे की फार्मसीच्या बाटलीतून न आलेली गोळी ही कशाचीही असू शकते. बाकी भाषणं करून उपयोग नाही. नव्या शाळेत पहिले सहा महिने तो एकटा पडेल, बोलीभाषेवरून कुणी हसेल, डबा उघडायला लाजेल. या काळात त्याला जो आपला म्हणेल, त्याच्या मागे तो जाईल. म्हणून ते महिने त्याच्या वाट्याला आई-बाबा जरा जास्त येऊ द्यात. क्रिकेट, ढोलपथक, पोहणं, काहीही चालेल, पण आठवड्यात दोनदा भेटतील अशी मुलं त्याला हवीत. अडचण आलीच तर १२ ते २४ वयाच्या मुलांसाठी फाउंड्री नावाची मोफत केंद्रं आहेत, मुलगा स्वतः जाऊन बसू शकतो. रात्री-अपरात्री ८११ वर नर्स बोलते, भाषेसाठी दुभाषी मागता येतो.

मोठ्यांसाठी एक गोष्ट, कारण ती कुणी सांगत नाही. डिसेंबर २०१८ पासून दारू किंवा गांजाच्या नशेत गाडी चालवणं हा पीआर असलेल्यांसाठी गंभीर गुन्ह्याच्या वर्गात बसतो, दोषी ठरलात तर पीआर जाऊ शकतो. आपल्या मंडळांच्या पार्ट्यांत ड्रग्ज मी पाहिलेले नाहीत. चार पेग घेऊन “घर जवळच आहे” म्हणणारे खूप पाहिले आहेत. आणि गांजा घेऊन अमेरिकेच्या सीमेवर जाऊ नका, इथे कायदेशीर असला तरी देशाबाहेर नेणं गुन्हाच आहे.

सामान भरताना: कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ वेष्टनासकट, जास्तीत जास्त ३० दिवसांपुरतं, आणि विमानतळावर स्वतःहून सांगायचं. दुबईत उतरणार असाल तर खसखस बरोबर घेऊ नका. अनारशांवरचीसुद्धा नको, तिथे तिला बंदी आहे. इथे ती किराणा दुकानात मिळते.

सासूबाईंना काय सांगायचं? २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी दौंडजवळ कुरकुंभच्या एमआयडीसीत शेकडो किलो एमडी (मेफेड्रोन हे ड्रग) पकडलं होतं, ते त्यांनीही बातम्यांत पाहिलं असेल. ते कुणाच्या तरी मुलांपर्यंत पोचणारच होतं. आणि मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून त्यांच्याच शहरात आहे, तिथे व्यसनी माणसाला आजारी समजून वागवतात. इथेही चांगल्या ठिकाणी तेच करतात. पुण्यात राहिल्याने मुलगा आपोआप वाचत नाही आणि इथे आल्याने आपोआप बिघडत नाही, हे त्यांना शांतपणे सांगून बघा.

घराचं म्हणाल तर मिस्टरांचं ऑफिस डाउनटाउनला असेल असं धरून बर्नबी किंवा कोक्विटलमकडे स्कायट्रेनच्या (इथली मेट्रो) जवळ बघा. सरे स्वस्त पडतं आणि देशी सामान दारात मिळतं. आधी शाळेची हद्द तपासा, मग भाडेकरार करा, कारण पत्त्यावरून शाळा ठरते. बेसमेंट घेणार असाल तर वर कोण राहतं ते भेटून घ्या आणि खिडकी उघडते का तेही पाहा. ऑफिस नेमकं कुठे आहे ते कळवलंत तर शाळांची नावं सांगते.