'बट'च्या आधी स्वल्पविराम चालतो, मग 'हाऊएव्हर'च्या आधी का नाही?

प्रश्न असा आहे: दहावीच्या मुलांची इंग्रजी व्याकरणाची उजळणी घेताना 'द पेपर वॉज लाँग, हाऊएव्हर इट वॉज ईझी' हे वाक्य चूक का ठरतं? त्याच जागी 'बट' घातलं की बरोबर कसं होतं? अर्थ तर दोन्हींचा 'पण' असाच आहे.

अर्थ सारखा असला तरी शब्दाची जात वेगळी आहे. 'बट' हे उभयान्वयी अव्यय, 'हाऊएव्हर' हे क्रियाविशेषण. मुलांना नुसती ही नावं सांगून काही हाती लागत नाही, त्यांना शब्द हलवून बघू द्यावा. 'इट वॉज, हाऊएव्हर, ईझी' असं म्हणता येतं, शेवटी टाकून 'इट वॉज ईझी, हाऊएव्हर' असंही म्हणता येतं. 'इट वॉज, बट, ईझी' मात्र कानालाच खटकतं. जो शब्द आपल्या वाक्यात असा मोकळा फिरतो, तो दोन वाक्यांना बांधून ठेवू शकत नाही. तो दुसऱ्या वाक्याच्या पोटातला असतो, सांध्यावरचा नसतो.

मुलं अडखळतात ती मराठीमुळे. 'सगळे आले, तो मात्र आला नाही' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. यातला 'मात्र' दुसऱ्या वाक्याच्या आत बसलाय, सांधा नुसत्या स्वल्पविरामाने जोडलाय आणि मराठीला त्यात काही वावगं वाटत नाही. मराठीतली विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरूनच आली, मेजर थॉमस कँडी यांचं त्यातलं काम प्रसिद्ध आहे. पण चिन्ह तेच असलं तरी त्याच्यावर किती भार टाकायचा हे ज्या त्या भाषेने आपापलं ठरवलं. शालेय आणि औपचारिक इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं पेलण्याइतकं बळ एकट्या स्वल्पविरामात धरलेलं नाही. त्याच्या जोडीला उभयान्वयी अव्यय लागतं, नाहीतर तिथे अर्धविराम किंवा पूर्णविराम येतो.

अशी अव्ययं सात: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. उजळणीत अँड, बट, ऑर, सो ही चार पक्की करून घेतली तरी बरंच काम होतं.

सराव मुलांच्याच निबंधांतल्या वाक्यांवर घ्यावा. आधी काळ दाखवणारी क्रियापदं अधोरेखित करायला लावायची. दोन सापडली, की सांध्याच्या उजवीकडचा भाग तळहाताने झाकायचा: डावीकडचं एकटं उभं राहतं का? मग डावीकडचा भाग झाकायचा. दोन्ही भाग उभे राहिले तर सांध्यावर सातांपैकी कोणी आहे का ते बघायचं. असेल तर स्वल्पविराम, नसेल तर अर्धविराम. याच तपासणीत 'ही ओपन्ड द डोअर अँड वेन्ट इन' मध्ये स्वल्पविराम का नको तेही कळतं, कारण 'वेन्ट इन'ला स्वतःचा कर्ताच नाही. 'अँडच्या आधी स्वल्पविराम' एवढंच पाठ केलेली मुलं नेमकी इथे चुकतात.

'वाचताना जिथे थांबतो तिथे स्वल्पविराम' हा नियम वर्गातून काढूनच टाकावा. 'बट'च्या आधी आणि 'हाऊएव्हर'च्या आधी आपण सारखेच थांबतो, त्यामुळे कानावर हा फरक ठरत नाही.

आता उलट बाजूची चूक. अर्धविराम शिकवला की पुढच्या आठवड्यात 'इट वॉज; हाऊएव्हर, ईझी' असं लिहून येतं. मुलांना 'हाऊएव्हर' दिसला की अर्धविराम, एवढंच लक्षात राहिलेलं असतं. म्हणून ही दोन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहावीत: 'द पेपर वॉज लाँग; हाऊएव्हर, इट वॉज ईझी' आणि 'द पेपर वॉज लाँग. इट वॉज, हाऊएव्हर, ईझी'. पहिल्यात तो सांध्याला लागून आहे. दुसऱ्यात तो एकाच वाक्याच्या मध्ये आहे, म्हणून दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. आणि 'हाऊएव्हर हार्ड ही ट्राइज' मधला 'हाऊएव्हर' म्हणजे 'कितीही', त्याच्यापुढे स्वल्पविराम येत नाही.

देअरफोर, मोरओव्हर, नेव्हरदलेस हे याच घरातले. सगळ्यात फसवा 'देन'. छोटा असल्यामुळे तो अव्ययासारखा वाटतो, पण 'वी फिनिश्ड द वर्क, देन वी लेफ्ट' या वाक्याला काटेकोर तपासणीत गुण कापले जातात. 'अँड देन' केलं की प्रश्न मिटतो. कथा-कादंबऱ्यांत असे नुसत्या स्वल्पविरामाचे सांधे सर्रास दिसतात आणि छोट्या, एकाच घडणीच्या वाक्यांत ते शोभतातही. मुलांनी तसं दाखवून दिलं तर ते मान्य करावं, पण परीक्षेत टाळायला सांगावं.

याच उजळणीत मराठीच्या वळणाच्या आणखी दोन चुका घ्याव्यात. 'ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम' हे 'जरी–तरी'वरून येतं. मराठीला जोडी हवी असते, इंग्रजीला दोघांपैकी एकच पुरतो, म्हणून 'बट' खोडायचा आणि स्वल्पविराम ठेवायचा. दुसरी 'ही सेड दॅट, ही वॉज टायर्ड'. आपण 'तो म्हणाला की,' असं लिहितो त्याची ही सावली. असं बोलणं सांगताना 'दॅट'च्या पुढे स्वल्पविराम येत नाही, मागेही येत नाही.