वाचकांचे प्रश्न : घरच्या टीव्हीवरचे माहितीपट

मुलांना घरी शैक्षणिक माहितीपट दाखवण्याबद्दल खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : छतावर फ्री डिश आहे. बातम्या, सिनेमे दिसतात, पण शाळेच्या वाहिन्या सापडत नाहीत. शिवाय आभाळ भरून आले की चित्र गोठते. डिश नेमकी कुठे वळवायची? (एक पालक, यावल)

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. वाहिन्या न सापडण्याचे कारण बहुधा बॉक्समध्ये आहे. तुमचा बॉक्स जुना, एमपेग-२ जातीचा असेल (एमपेग म्हणजे चित्र-आवाज आक्रसून पाठवण्याची पद्धत, ४ ही नवी) तर डिश कितीही हलवली तरी एमपेग-४ मधल्या वाहिन्या त्यावर उघडणार नाहीत. बॉक्सच्या तळाला लावलेली चिठ्ठी वाचा आणि त्यावर एमपेग-४ लिहिलेले नसेल तर बॉक्स बदला. बॉक्स नवा असेल तर मेनूत एलएनबीची (डिशसमोरच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा भाग) फ्रिक्वेन्सी ०९७५०-१०६०० आहे का पाहा आणि नव्याने पूर्ण शोध लावा. वाहिन्यांचे क्रमांक अधूनमधून बदलतात, म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा हा शोध लावत जा.

चित्र गोठते ते दिशेमुळे. फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरून येते. जळगाव-यावल भागातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास सुमारे १३८ अंशांवर आणि क्षितिजापासून ५८ अंश उंचीवर आहे. नंदुरबारकडे हेच आकडे साधारण १३६ आणि ५७ होतात. आपल्याकडची डिश ऑफसेट जातीची असते, म्हणजे एलएनबी तिच्या मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती दिसायला बरीच उभी वाटते. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, मागच्या क्लॅम्पवर कोरलेली अंशपट्टी वाचा.

त्याआधी ओळंबा सोडून खांब तपासा. खांबच कलता असेल तर अंशपट्टी खोटे बोलते, आणि निम्मा दिवस तिथेच जातो. खांब सरळ झाला की उंची ५८ वर आवळा आणि आडवे फिरवताना एका वेळी बोटभरच सरकवा. दर वेळी तीन-चार सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. पडद्यावर ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ अशा दोन पट्ट्या दिसतील. स्ट्रेंग्थ भरपूर पण क्वालिटी शून्य, याचा अर्थ एलएनबीला वीज मिळते आहे आणि डिशचे तोंड भलतीकडे आहे. आपल्या कामाची पट्टी क्वालिटीची. ती चढली की एलएनबी त्याच्या पकडीत थोडा डावी-उजवीकडे फिरवा, सर्वांत जास्त आकडा येईल तिथे घट्ट करा. निरभ्र दिवशी जेमतेम चालणारी डिश पावसात बंद पडणारच, कारण या लहरी पावसाच्या थेंबांत बऱ्याच शोषल्या जातात. कोरड्या दिवसात क्वालिटीला जितकी जागा शिल्लक ठेवाल तितकी ती पावसाळ्यात उपयोगी पडेल.

झाड आड येते का, हे मोजता येते. ५८ अंशांना हिशोब असा : डिशपेक्षा ८ मीटर उंच निंब आग्नेयेला ५ मीटरच्या आत असेल तर तो आड येणार. याहून सोपी परीक्षा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत घेता येते. तेव्हा सकाळी ११ च्या आसपास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी डिशवर फांदीची सावली पडली तर तीच फांदी छाटायची. (त्या दिवसांत तेवढ्याच वेळी चित्र काही मिनिटे जाते. तो बिघाड नव्हे.)

आणखी एक गोष्ट आपल्याकडेच जास्त दिसते. मे महिन्याच्या उन्हात एलएनबीची प्लॅस्टिकची टोपी तडकते आणि मृगाच्या पहिल्या सरीला आत पाणी शिरते. अक्षय तृतीयेच्या सुमारास वर चढून टोपी बघून घ्या. केबलच्या टोकाला जाळीचा एकही तंतू मधल्या तारेला टेकलेला नको, नाहीतर शॉर्ट होऊन एलएनबीची वीजच बंद पडते. काही वाहिन्या येतात आणि एक आख्खा गट गायब आहे असे असेल तर बॉक्सचा अडॅप्टर तपासा. एलएनबीला कधी १३ तर कधी १८ व्होल्ट लागतात, आणि थकलेला अडॅप्टर १८ देऊ शकत नाही.

प्रश्न : इयत्तेप्रमाणे वाहिन्या आहेत म्हणतात. मुलगी सातवीत, मराठी माध्यम. मग माहितीपट वेगळे कशाला बघायचे? (एक पालक, अमळनेर)

केंद्र सरकारच्या पीएम ई-विद्या योजनेच्या वाहिन्या २०२० पासून पहिली ते बारावी, एका इयत्तेला एक अशा आहेत. त्यांवर मुख्यतः एनसीईआरटीच्या पुस्तकांचे पाठ असतात. बालभारतीशी धड्यांचे क्रमांक जुळवत बसू नका, विषय जुळवा. सातवीतला एखादा घटक तिथे सहावीत किंवा आठवीत सापडेल. उच्च शिक्षणासाठीच्या स्वयंप्रभा वाहिन्यांची रचना मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे : दिवसाला किमान ४ तासांचा नवा मजकूर आणि तोच दिवसभरात आणखी ५ वेळा. सकाळचा कार्यक्रम चुकला तर रात्री मिळतो.

पण फळ्यासमोर उभे राहून शिकवलेला पाठ म्हणजे माहितीपट नव्हे. पाठ वहीसाठी आणि माहितीपट डोळ्यांसाठी असतो. भागाकार माहितीपटातून शिकवायला जाऊ नये, आणि हिमनदी फळ्यावर दाखवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : ज्वालामुखीवरचा माहितीपट पाहिल्यापासून मुलगा विचारतो, आपला दगड लाव्हाचा आहे तर आपल्याकडे धूर सोडणारा तो उंच डोंगर कुठे होता? (एक पालक, साक्री)

मुलाचा प्रश्न बरोबर आहे, चूक माहितीपटाची आहे. पडद्यावर बहुतेक वेळा शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून उडणारी आग दिसते, कारण ते दृश्य छान दिसते. दख्खनचा बेसाल्ट मुख्यतः तसा आलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला आणि त्यावर पुन्हा दुसरा थर आला. म्हणून आपले डोंगर बाजूने पायऱ्यांसारखे दिसतात.

त्या भेगांत जो लाव्हा अडकून थिजला त्याच्या भिंती झाल्या. भूगर्भशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारचा पट्टा त्यासाठी भारतात प्रसिद्ध आहे. आजूबाजूचा दगड झिजून गेला आणि या काळ्या भिंती माळावर लांबवर उभ्या राहिल्या, बहुतेक पूर्व-पश्चिम. साक्रीच्या आसपास मुलाला अशा भिंतीपाशी न्या आणि दोन गोष्टी दाखवा. एक, भिंतीतले दगडी खांब आडवे असतात, जणू सरपण रचून ठेवले आहे. लाव्हा थंड होताना खांब थंड पृष्ठभागाशी काटकोनात तयार होतात. सपाट थरात तो पृष्ठभाग वर-खाली असतो म्हणून खांब उभे, आणि भेगेत तो दोन्ही बाजूंना असतो म्हणून आडवे. दोन, भिंतीच्या कडेचा आणि मधला असे दोन तुकडे घेऊन भिंगाखाली धरा. कडेचा दगड बारीक कणांचा, कारण तो झटकन थंड झाला. मधल्याचे कण जरा मोठे. होकायंत्र नेणार असाल तर दगडाला टेकवू नका. या दगडात लोहखनिज असते आणि सुई भरकटते.

परत आल्यावर तोच माहितीपट पुन्हा लावा. या वेळी डोंगर दिसला की मुलगाच हरकत घेईल.

प्रश्न : रानावरच्या माहितीपटात वाघाच्या पावलांचा आवाज इतका जवळून कसा टिपतात? आणि बी दहा सेकंदांत कसे उगवते? (इयत्ता आठवी, चाळीसगाव)

पावलांचा आवाज बहुतेक वेळा वाघाचा नसतोच. लांब पल्ल्याच्या भिंगाने चित्र जवळ येते, आवाज येत नाही. तो नंतर स्टुडिओत पाचोळा तुडवून, चित्राशी जुळवून भरतात. चित्रीकरणही कित्येक दिवसांचे असते, आणि एका वाघिणीची गोष्ट म्हणून जे दिसते त्यात कधी दोन वाघिणी असतात. त्यात फसवणूक आहे की नाही यावर घरात वाद घाला, आमच्यातही एकमत नाही.

बियाचे मात्र घरी करून पाहा. बशीत ओला कापूस, त्यावर रात्रभर भिजवलेले ५ मूग. मोबाइल विटांच्या आधाराने घट्ट बसवा, चार्जरला लावून ठेवा, दर १० मिनिटांनी एक फोटो असे टाइमर ॲप लावा. तासाला ६, दिवसाला १४४, तीन दिवसांचे ४३२ फोटो. सेकंदाला २५ या वेगाने ते चालवले की साधारण १७ सेकंदांची फिल्म होते.

दोन ठिकाणी हमखास बिघडते. खिडकीपाशी ठेवले तर दिवस-रात्रीच्या उजेडाने फिल्म लुकलुकते. म्हणून खिडकी बंद आणि एकच दिवा अखंड चालू. दुसरे, पाणी घालताना बशी हलते आणि मूग उडी मारल्यासारखा दिसतो. बशी पीठाच्या खुणेवर ठेवा आणि ड्रॉपरने, बशी न उचलता पाणी द्या. कॅमेरा आपोआप फोकस बदलत असेल तर बियावर बोट दाबून तो कायम करा.

प्रश्न : पाड्यावर नेट नाही. शहरातून पेनड्राइव्हवर आणलेली फिल्म टीव्हीवर कधी उघडत नाही, कधी चित्र येते आवाज येत नाही. (एक शिक्षक, शिरपूर)

पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात बसत नाही. जुने टीव्ही मात्र बहुधा हीच पद्धत ओळखतात. म्हणून पद्धत बदलू नका, फाइल लहान करा. चित्र येऊन आवाज न येणे म्हणजे फाइलमधला आवाजाचा प्रकार टीव्हीला ठाऊक नाही. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन एमपी-४, चित्र एच.२६४, आवाज एएसी, आकार ७२० असे करून घ्या. तासाभराची फिल्म साधारण १ जीबीच्या आत बसते आणि दहा वर्षे जुन्या टीव्हीवरही सहसा चालते. फाइलचे नाव देवनागरीत ठेवले तर काही टीव्हींवर नुसते चौकोन दिसतात. रोमन अक्षरांत, सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे देऊन ठेवा, म्हणजे क्रमही राहतो.

यूट्यूबच्या ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ जपलेला व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नाही. तो त्या ॲपमध्येच चालतो. ज्या संस्था स्वतःहून फाइल उतरवू देतात त्यांच्याच फिल्म घ्या.

पाड्यावर दाखवताना भाषेचा प्रश्न येईलच. घरात पावरी, भिली किंवा अहिराणी आणि फिल्ममध्ये पुस्तकी मराठी किंवा हिंदी. पहिली ५ मिनिटे आवाज बंद करून दाखवा. मुले आपल्या बोलीत आपसांत बोलू लागतात, ‘हाई काय शे?’, ‘आते काय व्हई?’ असे प्रश्न तोंडातून निघतात. ते फळ्यावर त्याच बोलीत लिहा आणि मग आवाज चालू करून सुरुवातीपासून लावा. दर ७-८ मिनिटांनी थांबवा, त्यातल्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आले ते मुलांनाच पुसू द्या. न पुसलेले प्रश्न फळ्यावरच राहू द्या.

प्रश्न : संध्याकाळी वीज जाते. इन्व्हर्टरवर टीव्ही किती वेळ चालेल? (एक पालक, शहादा)

३२ इंची एलईडी टीव्ही सुमारे ५० वॅट, बॉक्स १० वॅट. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी अर्धीच वापरायची आणि इन्व्हर्टरमधली घट धरायची, तर हाती सुमारे ७०० वॅट-तास राहतात. टीव्ही आणि बॉक्स एवढेच असतील तर ११-१२ तास. पंखा आणि एक दिवा जोडला तर ५ तासांच्या आत. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर यातले निम्मेच धरा, आणि पाणी टाकताना नळाचे नको, डिस्टिल्डच वापरा.